पानाच्या कडेवरून बोट : ठाणे ते खारघर, युकाच्या मागावर तीन दिवस

दिवस पहिला : घोडबंदर रस्ता

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नव्हता, आणि सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटत होता. घोडबंदर रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांमध्ये दर्शनी भागात जास्वंद, मोगरा आणि अरेका पाम असतात. काटेरी माल मागे, हिरव्या जाळीच्या बाहेर, उन्हात ठेवलेला असतो. तलवारीसारखी पानं असलेली प्रत्येक कुंडी तिथे ‘युक्का’ या एकाच नावाने विकली जाते. खरी युका म्हणजे मूळ अमेरिका खंडांतली, तलवारपानांची एक ठरावीक प्रजाती, आणि तिलाच या गर्दीतून ओळखायचं होतं.

‘‘यातली युका कुठली, दादा?’’

‘‘सगळ्याच. ही बारीक पानाची, ही रुंद पानाची, ही पट्ट्याची. कुठली देऊ?’’

मोजून पाहिलं तर त्या एका रांगेत पाच वेगवेगळ्या वनस्पती होत्या, आणि त्यांतल्या दोनच युका. दादांची त्यात चूक नाही. माल त्यांच्याकडे याच नावाने येतो.

बरोबर घ्यायचं सामान थोडकंच आहे : दहापट दाखवणारं खिशातलं भिंग, शिंप्याची टेप, बागकामाची कात्री, कातडी हातमोजे आणि डोळ्यांवर साधा चष्मा. चष्म्याकडे दुर्लक्ष करू नका. युकाचं पान न्याहाळायला माणूस वाकतो तेव्हा शेजारच्या पानाचं टोक नेमकं बुबुळाच्या पातळीवर येतं.

आधी ड्रॅसीना बाजूला काढायच्या. लाल कडांची, बोटभरही रुंद नसलेल्या पानांची ड्रॅसीना मार्जिनाटा आणि मक्यासारख्या रुंद पानांची, मधे पिवळा पट्टा असलेली ड्रॅसीना फ्रॅग्रन्स, या दोन्ही युका म्हणून खपतात. दोघींच्या पानांना काटा नाही, दात नाहीत. कडेवरून बोट फिरवलं तर फितीसारखं सरकतं. तरीही शंका राहिली तर दादांना विचारून कुंडी आडवी करा आणि मातीचा गोळा हलकेच ओढा. ड्रॅसीनाची मुळं नारिंगी-पिवळी असतात, नवी मुळं तर गाजराच्या किसासारखी. युकाची मुळं पांढरट ते फिकट तपकिरी. कॉर्डिलाइन या आणखी एका सारख्या दिसणाऱ्या झाडाची मुळंही पांढरीच असतात, पण बागेत दिसणाऱ्या रंगीत कॉर्डिलाइनच्या पानाला खाली स्पष्ट देठ असतो. युकाचं पान बिनदेठाचं, रुंद बुडाने थेट खोडाला बिलगलेलं.

उरलेल्या कुंड्यांत एका हाताच्या जाडीचे दोन-तीन ओंडके उभे रोवलेले होते, वरचा काप मेणाने बंद केलेला, आणि बाजूने पानांचे झुबके फुटलेले. ऑफिसांच्या लॉबीत दिसते ती हीच, युका जायगांटिया. जुन्या पुस्तकांत तिला एलिफँटिपीस किंवा ग्वाटेमालेन्सिस म्हटलेलं सापडेल, झाड एकच. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. एल साल्वादोरने 1995 मध्ये हिच्या फुलाला राष्ट्रीय फूल ठरवलं, आणि तिथले लोक ते फूल अंड्यात परतून खातातही. जमिनीत लावली तर ही आठ-दहा मीटर जाते आणि बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगतो. पान लांब, कधीकधी मीटरभर, पाच ते आठ सेंमी रुंद, आणि टोकाला टोचणारा काटा नाही. म्हणूनच ‘बिनकाट्याची युका’. कड मात्र गुळगुळीत नाही. टोकाकडून बुडाकडे नख ओढलं की बारीक कानशीवरून गेल्यासारखं खरखरतं. ड्रॅसीना फ्रॅग्रन्सशी गल्लत टाळायला एवढी एक खूण पुरे.

घेताना पानं बघू नका, ओंडका दाबा. कुंडीतल्या मातीलगत अंगठा दाबून पाहा. कडक लागला तर ठीक. बटाट्यासारखा किंचित दबला आणि आंबूस वास आला तर आत कुज सुरू झाली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ही झाडं मरतात ती पाण्यापेक्षा कुंडीखालच्या ताटलीमुळे. तळाशी पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि पानं पिवळी पडतात म्हणून घरातली मंडळी आणखी पाणी घालतात. जूनमध्येच ताटली काढून टाका. माती एक भाग लाल, एक भाग जाडी रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. कुजका भाग कापून चांगला ओंडका उरत असेल तर वीस-तीस सेंमीचे तुकडे करा, तीन-चार दिवस सावलीत काप सुकू द्या आणि मूळची वरची बाजू वरच ठेवून एक तृतीयांश मातीत रोवा. उलटा रोवलेला तुकडा रुजत नाही. कापतानाच वरच्या टोकाला खडूची रेघ मारून ठेवावी.

आणखी एक घोळ, कारण तो नर्सरीतही निघाला : ‘‘याचे कंद खातात ना?’’ नाही. कंद खातात ती युका म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो. ते वेगळ्याच कुळातलं झुडूप आहे. युरोपीय लोकांनी नावांची गल्लत केली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या तलवारपानांच्या प्रजातीला ‘युका’ नाव देऊन ती कायमची करून टाकली. बागेतल्या युकाच्या मुळात साबणासारखा फेस आणणारं सॅपोनिन असतं. कुत्र्या-मांजरांनी पानं चघळली तर उलट्या होतात.

दिवस दुसरा : येऊर, मग शहर

तलावपाळीजवळ झणझणीत मिसळ, वर ताक, आणि टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसने येऊरचा डोंगर. सकाळी धुकं होतं. रस्त्याकडेचा तेरडा सुकत आलेला, गवत कमरेएवढं. राष्ट्रीय उद्यानाची हद्द असल्यामुळे आत काहीही तोडायचं नाही. भिंग आणि कॅमेऱ्यावर काम भागवायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सह्याद्रीच्या कुशीत, येऊर असो की पारसिक, रानात जे युकासारखं दिसतं ते युका नसतं. युकाच्या पन्नासेक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या. आपल्याकडे ती लावलेली तेवढीच. मग रानाच्या कडेला, पाड्यांच्या कुंपणाला तलवारी घेऊन उभं आहे ते कोण? बहुतेक वेळा केकताड, म्हणजे घायपात, म्हणजेच अगेव्ह. तेही मूळचं मेक्सिकोकडचंच, पण इतकं रुळलेलं की परकं वाटत नाही.

एका कुंपणापाशी मावशी शेळ्या हाकत होत्या. ‘‘केकताड हाय ते. आधी वाख काढायचे याचा, दोर वळायचे. आता नायलॉन येतं दुकानात, कोन करतंय.’’ पान कुजवून, ठेचून, धुऊन मिळणारा तो पांढरा वाख. कासरा, चऱ्हाट, बैलाची वेसण त्यातूनच होई. अमेरिकेतल्या आदिवासींनी युकाच्या पानातून अगदी तसाच वाख काढून दोर आणि चपला केल्या. दोन्ही झाडं एकाच उपकुळातली, त्यामुळे यात नवल काही नाही.

केकताड आणि युका वेगळं करायला पान वाकवून पाहायचं. अगेव्हचं पान बुडाशी मांसल, जाड, रसाळ. वाकवलं तर कचकन मोडतं. हा रस अंगाला लागला तर तासाभरात खाज आणि चट्टे येतात, म्हणून वाकवाल तर हातमोजे घालूनच. युकाचं पान पातळ आणि चिवट, दुमडतं पण तुटत नाही. अगेव्ह अमेरिकानाच्या पानावर आणखी एक सुंदर खूण असते. कळीत पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असताना शेजारच्या पानाच्या दातांचा ठसा उमटतो आणि पान उघडल्यावरही तो तसाच राहतो, ओल्या सिमेंटवर कुणी करवत टेकवून उचलावी तसा. युकाच्या पानावर असा ठसा नसतो.

केकताडातही दोन मुख्य : अमेरिकानाच्या कडेला आकड्यासारखे वळलेले मोठे दात, सिसलानाची, म्हणजे दोराच्या खऱ्या सिसलची, वाढलेली पानं कडेला गुळगुळीत आणि टोकाला दोनेक सेंमीचा काळपट काटा. गुळगुळीत कड आणि टोकाला काटा हे वर्णन युका ग्लोरिओसा या युकाच्या जातीलाही लागू पडतं, आणि फसगत होते ती इथेच. तेव्हा फुलोरा बघा. अगेव्हला आयुष्यात एकदाच पाच-सहा मीटरचा दांडा येतो आणि मग तो पानांचा झुबका मरतो. सिसलानाच्या दांड्यावर फुलं गळून गेल्यावर शेकडो छोटी रोपं लटकतात. युका फुलून मरत नाही, पुढेही फुलत राहते.

दुपारी खाली ठाण्यात. दोन ठिकाणं, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर : एका गृहसंकुलाच्या दारातलं पुरुषभर उंचीचं झाड आणि एका जुन्या बंगल्याच्या भिंतीलगतची रांग. दोन्ही ठिकाणी माळीकाकांचं उत्तर एकच, ‘‘युक्काच आहे.’’ यावेळी ते बरोबर होतं. पण कोणती?

दोन्हीकडून गळायला आलेलं एकेक पान मागून घेतलं आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवलं. पहिलं : 52 सेंमी लांब, सर्वांत रुंद जागी 4.5 सेंमी, राखाडी झाक असलेलं हिरवं, मधोमध जरा खोलगट. दुसरं : 41 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद, गडद हिरवं, ताठ, सुरीसारखं. या आकड्यांवर विसंबू नका. सावलीतल्या ग्लोरिओसाचं पान अरुंद येतं, आणि खत-पाणी मिळालेल्या युका अलोइफोलिया या दुसऱ्या जातीचं रुंद. मापं एकमेकांत मिसळतात. निवाडा कडेवर होतो. दुसऱ्या पानाच्या कडेवर नख टोकाकडून बुडाकडे ओढलं की पहिल्या सेंमीपासून कर्रर्र आवाज येतो. भिंगाखाली दात दिसतात, करवतीच्या पात्यासारखे, सलग, टोकाकडे रोख धरलेले. ही युका अलोइफोलिया. पहिल्याची कड भिंगाखाली तपकिरी किनारीची आणि सपाट. बुडाशी कुठेतरी एखाददुसरा दात आणि जुन्या पानाला सुटलेला एखादा धागा. ही ग्लोरिओसा.

त्या धाग्याने बरेच जण चकतात आणि झाडाला ‘फिलामेंटोसा’ ही तिसरीच जात ठरवून मोकळे होतात. फिलामेंटोसाला खोड जवळपास नसतंच, झुबका थेट जमिनीवर बसतो, आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांनी पांढरे कुरळे धागे भरपूर सुटलेले असतात, उसवलेल्या पोत्यासारखे. फ्लॅसिडा ही जात तिच्यासारखीच, पण पान लेचंपेचं, मधेच वाकलेलं, धागे सरळ आणि बारीक. पुरुषभर खोडावर एक धागा दिसला म्हणून ती फिलामेंटोसा होत नाही. ग्लोरिओसाच्या अंगात फिलामेंटोसाचं रक्त आहेच म्हणा : ती मुळात अलोइफोलिया आणि फिलामेंटोसा यांचा नैसर्गिक संकर आहे, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतला. त्यामुळे थोडे दात आणि थोडे धागे अशी दोन्ही आजोळं तिच्या पानावर दिसतात. पानं अर्ध्यातून खाली कमानीसारखी वळत असतील तर ते ग्लोरिओसाचंच दुसरं रूप; नर्सरीवाले त्याला रिकर्व्हिफोलिया म्हणतात.

मुलं खेळतात तिथे अलोइफोलिया लावू नये हे माझं स्पष्ट मत. लावलेलीच असेल तर वाटेकडच्या पानांची टोकं सेंटीमीटरभर छाटा. पानाला काही होत नाही, टोक फक्त तपकिरी पडतं.

साडेचारला आभाळ भरून आलं आणि विजांसह पाऊस असा कोसळला की चहाच्या टपरीखाली तासभर अडकून पडावं लागलं. टपरीवरच्या एका काकांची मुलगी कॅलिफोर्नियात; दिवाळीनंतर ते तिकडे जाणार होते आणि वाळवंटातली झाडं बघायची त्यांची इच्छा होती. आलं घातलेल्या दुसऱ्या कटिंगबरोबर त्यांना सांगितलेलं इथेही देतो, कारण ठाण्यातून पोरांकडे जाणारे आई-बाबा कमी नाहीत.

मोहावी वाळवंटात दोन युका एकाच उतारावर दिसतात. जोशुआ ट्री म्हणजे युका ब्रेव्हिफोलिया : फांद्या फुटलेलं खरं झाड, पान पंधरा ते पस्तीस सेंमी एवढंच, कडेला बारीक दात, धागा एकही नाही. शेजारची मोहावी युका, शिडिगेरा : पानं लांब, कधी मीटरभर, पिवळट हिरवी, कडेला जाड कुरळे धागे. लांबून छोटं जोशुआ झाड आणि शिडिगेरा सारखी दिसतात. जवळ जाऊन धागा शोधायचा. बक्काटा या तिकडच्या आणखी एका युकालाही जाड धागे असतात, पण तिचा रंग निळसर आणि ती बहुधा जमिनीलगत. शिडिगेरा आणि बक्काटा यांचा संकर होतो, त्यामुळे काही झाडांना नाव न देणंच प्रामाणिक. कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवर एकदा फुलून मरणारी ‘युका’ दिसली तर ती हेस्परोयुका, वेगळी प्रजाती. आणि तिकडच्या रस्त्यांकडेची लाल फुलांची ‘रेड युका’ म्हणजे हेस्परालो, तीही युका नव्हे. तिला धागे असतात, म्हणूनच घोटाळा.

दिवस तिसरा : नेरूळ, पाम बीच, खारघर

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. ऐरोली, रबाळे, घणसोली सरकत जातात, एका बाजूला पारसिकची रांग, पावसाने धुतलेली.

नवी मुंबईच्या दुभाजकांवर आणि चौकांतल्या बेटांवर तलवारपानांची गर्दी आहे, पण युका शोधायला गेलात तर निराशा. पांढऱ्या कडांचं, गुडघाभर, गोल चेंडूसारखं दिसतं ते अगेव्ह अँगस्टिफोलिया. पांढऱ्या किनारीवर लहान काळपट दात स्पष्ट दिसतात. मधे मलईसारखा पट्टा आणि कडा हिरव्या, पानं दीड मीटरपर्यंत आणि लवलवती, ती फुर्क्रिया फोइटिडा. हिचं पान मोडलं की उग्र घाण वास येतो. नावातलं ‘फोइटिडा’ त्याचंच. कडेला काटे असलेच तर बुडापाशी थोडे. फुलं हिरवट पांढरी, खाली लोंबणारी, युकाशी गल्लत होईल अशी, आणि दांड्यावर मग रोपं लटकतात.

पट्ट्यावरून जात ओळखण्याचा मोह टाळा. पट्टा ही बागेत जपलेली हौस आहे. अलोइफोलिया, ग्लोरिओसा, जायगांटिया या तिघींचीही पट्टेदार रूपं मिळतात. पट्टेदार झाडालाही बोटाचीच कसोटी.

खाडीकडच्या एका बागेत ‘युका’ म्हणून दाखवलं गेलेलं झाड चक्क केवडा निघालं. गणपतीत ज्याचं कणीस आणतो तो. केवड्याची पानं खोडाभोवती तीन रांगांत, स्क्रूच्या आट्यांसारखी चढतात. कडेला काटे आणि पानाच्या खालच्या बाजूने मधल्या शिरेवरही काटे. पान उलटवा, मधली शीर चाचपा. युकाला तिथे काटा कधीच नसतो. खाली काठ्यांसारखी आधारमुळं दिसली तर प्रश्नच मिटला.

खारघरला दुपार उन्हात भाजून निघाली. तिथे एका इमारतीच्या कुंपणाला अलोइफोलियाची रांग, आणि खालच्या पानांत कापसासारखा पुंजका : पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब, संध्याकाळी, पानांच्या बेचक्यात पोचेल असं फवारावं आणि आठवड्याने पुन्हा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. त्याच रांगेत एका झाडाला फळं लागलेली होती, करंगळीपेक्षा जाड, लोंबती, जांभळी-काळी पडायला आलेली. एक कापलं : आत गर, गरात काळ्या चपट्या बिया.

हे फळ सोबतच्या मंडळींना साधं वाटलं, पण या भागात ते मोठा पुरावा आहे. संध्याकाळी नेरूळला परत आल्यावर कारण दाखवता आलं. एका सोसायटीत ग्लोरिओसाला हातभर फुलोरा, मलई रंगाच्या घंटा खाली तोंड करून. सहाच्या सुमारास त्या जास्त उघडल्या आणि मंद वास सुटला. वॉचमन भाऊंनी जमिनीवर पडलेलं ताजं फूल उचलून दिलं. सहा पाकळ्या, आत सहा जाड पुंकेसर, बाहेरच्या बाजूला वाकलेले, जणू मधल्या स्त्रीकेसराकडे पाठ फिरवून. पराग चिकट गोळ्यासारखे, वाऱ्यावर उडत नाहीत. बीजांडकोश, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आतच. अगेव्ह आणि फुर्क्रियात तो पाकळ्यांच्या खाली असतो. फूल हाती असेल तर वाद तिथेच संपतो.

अशा फुलात पराग आपोआप कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडणं अवघड. अमेरिकेत हे काम युका पतंगाची मादी करते. तोंडाजवळच्या खास सोंडांनी ती परागांचा गोळा वळते, दुसऱ्या फुलावर जाते, बीजांडकोशात अंडी घालते आणि मग तो गोळा स्वतः कुक्षीच्या खाचेत दाबून बसवते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमान आणि कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी 1872 च्या सुमारास हा व्यवहार उलगडला. तो पतंग आपल्याकडे नाही. म्हणून ठाण्या-नवी मुंबईत ग्लोरिओसा आणि जायगांटिया फुलतात, गळतात, आणि बोंड धरत नाहीत. अलोइफोलिया मात्र पतंगाशिवायही फळ धरू शकते. तेव्हा या भागात खोडाच्या युकाला लोंबतं, गरदार, जांभळं फळ दिसलं तर आधी अलोइफोलिया समजा आणि मग कड तपासून खात्री करा.

हाताने परागण करून पाहायचं असेल तर फुलं पूर्ण उघडल्यावर, संध्याकाळी, टूथपिकने परागांचा गोळा उचला आणि दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या कुक्षीच्या टोकावरच्या खाचेत दाबा. नुसता घासून उपयोग नाही. ग्लोरिओसा एवढं करूनही दाद देईलच असं नाही. फुलोरा वाळला की दांडा बुडाशी कापा, झुबक्याला हात लावू नका.

वॉचमन भाऊंनी विचारलं, ‘‘मग याला बी कधी लागायचं?’’ शेजारच्या सोसायटीच्या भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं की तिथून कुणी बाजूला फुटलेला फुटवा दिला तर तो लावा, बियांची वाट बघू नका. तेवढ्यात नेरूळहून ठाण्याच्या गाडीची वेळ झाली.